'नेस'चा धडा: कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला इंग्रजी शब्दरचना वर्ग

विशेषणाचं नाम करणाऱ्या 'नेस' प्रत्ययाला या वर्गात पुरेसा वेळ देतात, हे फार बरं. सुरुवात रश्श्यापासून: 'झणझणीत'चं 'झणझणीतपणा', तसं 'काइंड'चं 'काइंडनेस'. 'नेस' मूळचा जुन्या इंग्रजीतला, जर्मन 'निस'चा भाऊबंद. असंच नाम करणारा दुसरा प्रत्यय 'इटी' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आपल्याकडे प्राकृत वळणाचा 'पणा' आणि संस्कृत 'ता' शेजारी नांदतात, तसंच हे.

स्पेलिंगचा सराव सर्वांत उत्तम. 'हॅपी'तल्या शेवटच्या वायचा 'हॅपिनेस'मध्ये आय होतो, पण 'शायनेस'मध्ये वाय तसाच राहतो. 'थिननेस', 'ओपननेस' यांत मूळ शब्दाचा एक एन आणि प्रत्ययाचा एक, असे दोन. मुलं नेमका एक गाळतात, कारण कानाला एकच जाणवतो.

खटकलं ते 'हार्नेस'. तो सरावाच्या यादीत नकोच. जुन्या फ्रेंचमधून आलेला अख्खा शब्द आहे, त्यात हा प्रत्यय नाही. 'बिझनेस' मात्र 'बिझी'चाच, फक्त उच्चार आक्रसलाय. 'विटनेस'ही खरा: 'विट' म्हणजे जाण. छापील टिपणांत एवढा फरक पुढच्या तुकडीआधी घालावा.