मालवण जेटी ते सिंधुदुर्ग: होडी उत्तम, वेळ अपुरा

पाहुणे मालवणात आले की पहिली मागणी किल्ल्याची. ११ जुलै २०२५ ला सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर कुणाला सांगावंच लागत नाही. जेटीवरून होडी बारा-पंधरा मिनिटांत गडाच्या दारात सोडते. तांडेल (होडी चालवणारे) पाणी ओळखणारे आहेत, लाइफ जॅकेट मिळतं (पट्टे शाबूत आहेत का ते ओढून बघा, लहान मुलाला मोठ्या मापाचं चढवलं तर ते गळ्यातून निसटतं), आणि जायचं-यायचं तिकीट एकच असतं. एवढ्यापुरती सेवा चोख आहे.

खटकतो तो गडावर मिळणारा वेळ. होडीवाले साधारण तासभर देतात आणि परत त्याच होडीने यायचं असतं. गड ४८ एकरांचा, तट जवळजवळ तीन किलोमीटर. तासाभरात तो होत नाही. म्हणून तिकीट काढतानाच विचारा, "नंतरच्या होडीने आलो तर चालेल का?" गर्दी नसेल तर बहुतेक वेळा हो म्हणतात. गडावर पोहोचल्यावर विचारलंत तर जागेचा हिशेब झालेला असतो. उतरताना होडीचं नाव लक्षात ठेवा. परतताना सगळ्या होड्या सारख्याच दिसतात.

तासच मिळाला तर क्रम असा ठेवा. धक्क्यावर उतरल्यावर पाहुण्यांना आधी तटाकडे बघायला लावा आणि दरवाजा शोधायला सांगा. बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि या गडाची अक्कल तिथेच कळते. आत शिरून लगेच तटावर चढा: लहान घुमट्यांत महाराजांच्या हाताचा पंजा आणि पाऊल चुन्यात उमटलेलं आहे. मग शिवराजेश्वर मंदिर, १६९५ मधलं, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथून दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी असून या विहिरींचं पाणी गोड, हे पाहुण्यांना खरं वाटत नाही. दोन तास असतील तर मागच्या अंगाला 'राणीची वेळ' या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत जा. तटाच्या आडोशाची ही चिमुकली पुळण सुंदर आहे आणि घाईतले लोक नेमकी तीच गाळतात.

वेळ सकाळची, साडेआठ-नऊची पहिली होडी. हिवाळ्यात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा असतो, पाणी सपाट. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की होडी हलते, अंगावर तुषार येतात, आणि तटाचा दगडही तापलेला असतो. पाण्याची बाटली आणि टोपी जेटीवरच घ्या. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत होड्या बंद. त्या दिवसांत पाहुण्यांना गडाची आशा लावू नका.

भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवरून होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाला पाणी उतरलेलं असतं, पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडतं आणि वयस्कर माणसं तिथेच घसरतात. अशा दिवशी रबरी तळाच्या चपला हव्यात, आणि हात खलाशाच्या हातात.

आमच्या मते पाहुण्यांसाठी सर्वांत सोयीचा दिवस पौर्णिमा किंवा अमावास्या. सकाळी चढत्या पाण्यात गड करायचा. परतेपर्यंत भरती भरत आलेली, त्यामुळे होडी वरच्या पायरीला लागते. दुपारी माशाचं जेवण आणि सोलकढी. चारनंतर दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा दाखवा. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला गडाच्या पायाभरणीची पूजा झाली ती इथे. बहुतेक गाड्या जेटीवरूनच परत फिरतात, याचं वाईट वाटतं.

त्याच वेळी उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची मोठी) ओहोटी लागलेली असते आणि दांडीवरून जवळच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे चालत जाता येतं. मात्र एखाद्या स्थानिकाला बरोबर घ्या आणि सव्वापाचला पाठ फिरवा. उधाणाचं पाणी परत भरताना वेगाने चढतं, आणि सखल वाट आधी बुडते.