अँटी-कोलिक बाटली: आठ महिने वापरल्यानंतर

लेक तीन आठवड्यांची असताना ही बाटली घेतली. कोलिक म्हणजे तान्ह्या बाळाचं तासन्तास चालणारं, काही केल्या न थांबणारं रडणं. माझं दूध पुरत नव्हतं म्हणून वरचं सुरू केलं होतं आणि रोज दिवेलागणीला तिचं रडणं सुरू व्हायचं. पाय पोटाशी, मुठी घट्ट, चेहरा लालबुंद. दोन-तीन तास काही केल्या थांबायची नाही. खोक्यावर पोटदुखी कमी होईल असं लिहिलं होतं. मला तेवढं पुरलं.

रडणं मात्र बाटलीने थांबलं नाही. सहाव्या आठवड्यात ते फार वाढलं आणि साडेतीन महिन्यांची झाली तसं आपोआप ओसरलं. बहुतेक बाळांचं असंच असतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

तरी ही बाटली मी ठेवली, कारण ती नीट पिऊ लागली. निपलच्या बुडाशी एक बारीक झडप आहे. बाळ दूध ओढतं तशी तिथून हवा आत येते, त्यामुळे निपल दबून चपटं होत नाही. साध्या बाटलीत ते सारखं चिकटायचं, ती वैतागून सोडायची आणि पुन्हा धरताना हवा गिळायची.

तक्रार आहे ती या झडपेचीच. उकळल्यावर तिची चीर चिकटून बसते. भरण्याआधी चिमटीत धरून ती उघडावी लागते, नाहीतर काही उपयोग नाही. वरची रिंग फार आवळली तरी हवा जात नाही. हे कळेपर्यंत माझे पंधरा दिवस गेले. दूध ओढताना आत बुडबुड्यांची माळ दिसली की समजावं, झडप चालू आहे.

सगळ्यात जास्त फरक पडला तो निपलच्या वेगाने. तीन महिन्यांनंतर मोठ्या भोकाचं वापरा असं खोक्यावर होतं, म्हणून बदललं. लगेच ठसका, ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची धार. पुन्हा सावकाश वाहणारं लावलं. आता तिला जरा उभी धरते, बाटली जवळजवळ आडवी, मध्ये थांबून ढेकर. पावडरचं दूध जोरात हलवून फेस आणण्यापेक्षा गोल फिरवून विरघळवते.

दूध अजूनही बाहेर टाकते, रोज दोन-तीनदा. जठराच्या तोंडाचा स्नायू या वयात सैल असतो, वर्ष-दीड वर्षापर्यंत ते कमी होतं. वजन वाढतंय, शू नीट होते, त्यामुळे डॉक्टरांनी औषध दिलं नाही. उशी लावून किंवा पोटावर झोपवू नका, पाठीवर सपाटच झोपवा, हेही त्यांनी बजावलं. मात्र हिरवी उलटी, रक्त, दर वेळी कारंज्यासारखी उलटी किंवा वजन न वाढणं यापैकी काहीही दिसलं तर बाटल्या बदलत बसू नका, लगेच दाखवा.

मी चार बाटल्या घेतल्या होत्या, दोन पुरल्या असत्या. निपल तीनदा बदललं, कारण चीर सैल पडली की दूध गळतं.