गाओकाओचा पेपर की केंब्रिजचा? मुलांना ऐकून-वाचून किती कळतं, ते बघताना

चीनमधल्या हायस्कूलच्या आंतरराष्ट्रीय विभागात विषय शिकवायला निघालेल्या ओळखीच्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. पहिल्या आठवड्यात मुलांचं इंग्रजी कसं तपासायचं? मी सुझोऊमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं आणि हा निर्णय मला दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा घेतलेला दुसऱ्यांदा बदलला. म्हणून दोन्ही पर्यायांबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

इंग्रजीच्या शिक्षकांची गरज वेगळी असते. आपल्याला व्याकरण बघायचं नसतं आणि निबंधही नको असतो. आपण चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलणार, फळ्यावर चार ओळी लिहिणार आणि पुस्तकातली तीन पानं घरी वाचून यायला सांगणार. यातलं किती पोचेल, एवढंच आपल्याला हवं असतं. त्यासाठी हाताशी दोन गोष्टी असतात. एक, गाओकाओ म्हणजे तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठ-प्रवेश परीक्षेच्या साच्यातला इंग्रजीचा पेपर. तो कुठल्याही शाळेच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेला असतो. दोन, केंब्रिजच्या शाळकरी मुलांसाठीच्या मध्यम पातळीच्या इंग्रजी परीक्षेचा पेपर, बी-वन प्रिलिमिनरी फॉर स्कूल्स. जुन्या 'प्रिलिमिनरी इंग्लिश टेस्ट' या नावावरून तिथे त्याला सगळे अजून 'पेट'च म्हणतात.

शाळकरी मुलांसाठीची आणखी एक इंग्रजी परीक्षा आहे, टोफेल ज्युनिअर. तिचं थोडक्यात सांगून टाकतो. ऐकणं, भाषेची रचना आणि वाचन, प्रत्येकी ४२ प्रश्न. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात आणि त्यात वर्गातली सूचना, शिक्षकाचं छोटं व्याख्यान असे तुकडे असतात. ते आपल्या कामाला खरं तर जवळचे आहेत. पण सगळा पेपर चार पर्यायांतून एक निवडण्याचा आहे, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. त्यामुळे मी तो फक्त चाळून बघितला.

गाओकाओच्या इंग्रजीबद्दल आपल्याकडे, विशेषतः न बघितलेल्यांमध्ये, उगीच नाक मुरडलं जातं. पेपर चांगला आहे. १५० पैकी ३० गुण ऐकण्याला, ५० वाचनाला. ऐकण्याचे प्रश्न वीस, प्रत्येकी दीड गुणाचे. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे लांब संवाद आणि निवेदनं दोनदा. सुरुवातीला नमुना म्हणून 'शर्टाची किंमत किती' हा प्रश्न येतो, उत्तर नऊ पौंड पंधरा पेन्स. हा शर्ट देशभरातल्या मुलांना पाठ आहे. वर्गात मी नुसतं 'हाऊ मच इज द शर्ट' म्हटलं तरी सगळ्या बाकांवरून एका सुरात उत्तर यायचं. परीक्षा आपल्या रोजच्या सवयीतली असली की मुलं बिचकत नाहीत, आणि पहिल्या आठवड्यात परक्या शिक्षकासमोर बसलेल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

म्हणून पहिल्या वर्षी मी तोच पेपर घेतला. एका मुलीला ऐकण्यात ३० पैकी २८.५ मिळाले, म्हणजे वीसातला एकच प्रश्न चुकला. तिच्याबद्दल मी निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी बलांच्या प्रकरणाची वही तपासताना दिसलं की पानभर सगळं उलटं झालंय. वर्गात मी म्हटलं होतं, 'द रिझल्टंट फोर्स इझन्ट झीरो.' तिने लिहून घेतलं होतं, 'इज झीरो.' पुढची सगळी उदाहरणं त्या शून्यावर उभी होती आणि त्या शून्यापुरती अगदी बरोबर होती. मुलगी हुशार, मेहनती, अक्षर मोत्यासारखं. पाच शब्दांच्या वाक्यातला एक अर्धा उच्चार निसटला आणि तिचा पूर्ण आठवडा वाया गेला. मला त्याचा पत्ताच नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी लक्ष देऊन बघायला लागलो. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी स्वर येतो, नाहीतर न, ङ् आणि काही वेळा र. ट, ड, क, प यांवर शब्द संपण्याची कानाला सवयच नसते. त्यामुळे 'कॅन' आणि 'कान्ट', 'वॉक' आणि 'वॉक्ट', 'इज' आणि 'इझन्ट' हे जोड कानात एकमेकांत मिसळतात. डोळ्यांनी मात्र हीच मुलं यातला एकही शब्द चुकत नाहीत. अभ्यासक्रमाप्रमाणे गाओकाओपर्यंत साधारण तीन हजार शब्द यावे लागतात आणि मुलं ते चिनी अर्थासकट याद्या करून पाठ करतात. शब्द डोळ्यांत आहे, कानात नाही, अशी ती अवस्था. आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीतून शास्त्र घेतलेल्यांना ती आठवेल. मला तरी आठवली.

आता गाओकाओच्या पेपरात हे का दिसत नाही? कारण पर्याय समोर छापलेले असतात आणि ते वाचायला आधी काही सेकंद मिळतात. संवाद कुठे चाललाय, माणूस पुढे काय करणार, बाईला काय वाटतंय, असे प्रश्न असतात. मुलं पर्यायांवरून विषय ओळखतात, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारतात आणि तो शब्द कानावर पडायची वाट बघतात. पहिल्यांदा ऐकू आलेली वेळ किंवा किंमत बहुधा फसवी असते, हेही त्यांना शिकवलेलं असतं. यात गैर काही नाही. एका गुणाने हजार जण मागे पडतात असं जिथे शाळाशाळांतून मुलांना सांगितलं जातं, तिथे शिक्षकांनी हे शिकवलंच पाहिजे. पण माझ्या वर्गात बोलताना मी पर्याय छापून देत नव्हतो.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते असं, की उत्तर चुकलं तरी कशामुळे चुकलं ते कळत नाही. उत्तरपत्रिकेवर निवडलेल्या पर्यायाचा नुसता एक रंगवलेला काळा चौकोन असतो. मुलाला शब्द ऐकूच आला नाही, ऐकू आला पण अर्थ माहीत नव्हता, की दोन्ही जमलं पण प्रश्नच नीट वाचला नाही? तिन्हींवरचा उपाय वेगळा. काळा चौकोन सगळ्यांसाठी सारखाच. बरोबर आलेल्या उत्तराचंही तेच. तीन पर्याय म्हणजे डोळे मिटून खूण केली तरी तिनात एकदा बरोबर यायची.

दुसऱ्या खेपेला मी पेटचा नमुना पेपर घेतला. ऐकण्याचे चार भाग, २५ प्रश्न, सगळं दोनदा ऐकवतात. पहिले दोन भाग आणि शेवटचा भाग पर्यायांचेच आहेत, त्यांत फार काही नवं नाही. तिसऱ्या भागात मात्र एक निवेदन ऐकून टिपणातल्या सहा रिकाम्या जागा भरायच्या असतात. तिथे मूल लिहितं. आणि मूल लिहायला लागलं की चुकासुद्धा वाचता येतात.

'थर्टीन'च्या जागी ३० लिहिलं असेल तर आघात कुठे पडतो ते कान धरत नाही. 'वर्ल्ड'च्या जागी 'वर्ड' असेल तर जोडाक्षर निसटतंय. 'थिंक'च्या जागी 'सिंक' लिहिणारी मुलं मी बघितली आहेत. इंग्रजी 'थिंक'मधला थ हा आवाजच त्यांच्या भाषेत नाही. जागा कोरी असेल तर शब्दच अनोळखी होता. स्पेलिंग चुकलं पण आवाज बरोबर पकडला असेल तर मी पूर्ण गुण द्यायचो. कारण मी स्पेलिंग तपासत नव्हतो आणि ते चुकीचं स्पेलिंग माझ्यासाठी तर खजिनाच असायचं. या सहा जागांनी मला वर्गाबद्दल जे सांगितलं ते आधीच्या वीस चौकोनांनी सांगितलं नव्हतं. मोजमाप म्हणून माझ्याकडे माझ्या दोन वर्गांच्या अनुभवापलीकडे काही नाही, हे खरं आहे. पण फरक इतका ठळक होता की मी परत मागे गेलो नाही.

मोठ्या आकड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. चिनीत दहा हजाराला 'वान' हे स्वतंत्र एकक आहे. 'टू हंड्रेड थाउजंड' ऐकलं की मूल मनात आधी त्याचे वीस वान करतं. आपण दोन लाख करतो, तसंच. त्या क्षणी पुढचं अर्धं वाक्य निघून जातं. मराठी शिक्षकाला हे समजून घ्यायला वेळ लागत नाही. पण पेटच्या पेपरात एवढे मोठे आकडे क्वचितच येतात. म्हणून मी स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचं एक टिपण वाचून त्यात आणखी सहा जागा ठेवायला लागलो. प्रकाशाचा वेग, पृथ्वी-चंद्र अंतर, असलं काहीतरी. स्वतःच्या आवाजात वाचण्याचं आणखी एक कारण आहे. दोन्ही पेपरांतलं रेकॉर्डिंग स्वच्छ आणि सराईत असतं, पण मुलांना वर्षभर आपला ट आणि ड ऐकायचा आहे, आपण जिथे देतो तिथेच आघात ऐकायचा आहे. ते कुठल्याच तयार पेपरात नाही.

दोनदा ऐकवण्यावर माझे काही सहकारी आक्षेप घ्यायचे. वर्गात शिक्षक एकदाच बोलतो, मग परीक्षेत दोनदा का? गाओकाओचे पहिले पाच संवाद या बाबतीत जास्त कडक आहेत, हे मान्य. मी त्यावर एक साधी गोष्ट केली. पहिल्या वेळी निळ्या पेनाने लिहायचं, दुसऱ्या वेळी लाल. खाडाखोड चालेल, पण निळं पुसायचं नाही. ज्याचं सगळं निळं, त्याची काळजी नाही. ज्याचं निळं कोरं आणि लाल बरोबर, त्याला वर्गात प्रत्येक वाक्य दोनदा हवं आहे, आणि ते आपण देऊ शकतो. लालसुद्धा चुकलं तर त्याला आधी छापील टिपण द्यायचं आणि मग बोलायचं. पहिल्या महिन्यात कोणाला कुठे बसवायचं तेही मी या दोन रंगांवरून ठरवत होतो.

वाचनाच्या बाबतीत माझं मत इतकं सरळ नाही. गाओकाओच्या वाचनात चार उतारे असतात. पहिला जाहिरात किंवा माहितीपत्रकासारखा सोपा, शेवटचे दोन चांगले घट्ट, बऱ्याचदा विज्ञान किंवा समाजाबद्दलचे. मग येतं 'छी श्वेन वू', म्हणजे सातातून पाच. उताऱ्यातली पाच वाक्यं काढून सात वाक्यांतून ती परत जागेवर बसवायची. हा प्रकार मला मनापासून आवडतो. इथे नुसता शब्द शोधून भागत नाही, 'हे', 'तरीही', 'त्यामुळे' कोणाला जोडलंय ते कळावं लागतं. पेटमध्येही हाच प्रकार आहे, पाचाला आठ वाक्यं. पण पेटचे उतारे सहलीचे, छंदांचे, सायकल क्लबचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पुढे भौतिकशास्त्राचं पुस्तक झेपेल का, हे त्यावरून ठरवणं कठीण. गाओकाओचा शेवटचा उतारा ज्याला नीट कळला, त्याला माझं पुस्तक कळायचं. हा माझा अनुभव जवळजवळ दर वेळी खरा ठरला.

म्हणजे वाचनात गाओकाओ आणि ऐकण्यात पेट, अशी माझी विभागणी आहे. वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी ऐकण्याला देईन. वाचताना अडलेलं मूल परत वाचू शकतं, शब्दकोश उघडू शकतं, रात्रीच्या स्वाध्यायाच्या तासात शेजारच्याला विचारू शकतं. ऐकताना निसटलेलं मात्र परत मिळत नाही. आणि चिनी वर्गात हात वर करून 'सर, परत सांगा' म्हणणारी मुलं पहिल्या सत्रात तरी फार थोडी असतात.

पेट घेणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. बीजिंग, शांघायसारख्या शहरांत प्राथमिक शाळेतली मुलंही ही परीक्षा देतात, पालकांमध्ये तिची मोठी चढाओढ आहे. त्यामुळे हायस्कूलला आलेल्या काहींनी प्रसिद्ध झालेले नमुना पेपर आधीच सोडवलेले असतात. एकदा दोघांनी रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आत जागा भरल्या होत्या. फसवायचा हेतू नव्हता, त्यांना खरंच आठवत होतं. तेव्हापासून मी नमुना पेपराची फक्त रचना घेतो आणि मजकूर बदलतो.

तुमचे विद्यार्थी गाओकाओलाच बसणार असतील तर अर्थातच वरचं बरंचसं गैरलागू आहे, त्यांचा सराव त्यांच्याच साच्यात व्हायला हवा. त्यातही प्रांत कोणता ते बघा. ग्वांगडोंगमध्ये २०११पासून ऐकणं आणि बोलणं संगणकावर एकत्र तपासतात. त्यातल्या शेवटच्या भागात एक गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत परत सांगायची असते. बीजिंगमध्येही २०२१पासून ऐकण्या-बोलण्याची संगणकावरची परीक्षा आहे, ५० गुणांची, आणि ती दोनदा देता येते. गोष्ट परत सांगायला लावणं हे माझ्या मते सगळ्यात खरं मोजमाप आहे. माझ्या चोवीस मुलांच्या वर्गात एकेकाला बाहेर बोलावून मी ते एकदा केलं. संध्याकाळचे दोन तास गेले, पण त्या दोन तासांत एका अबोल मुलाने मला न्यूटनची गोष्ट माझ्यापेक्षा क्रमवार सांगितली. त्याच्या कागदावर निळ्या जागा दोनच होत्या. दर वर्षी वेळ मिळाला असता तर मी तेच केलं असतं.

दुसऱ्या वर्षी पेट अपुरा पडतो. तेव्हा केंब्रिजच्याच बी-टू फर्स्ट फॉर स्कूल्सचा ऐकण्याचा दुसरा भाग घ्या. त्यात भरायच्या जागा दहा आहेत. खिडक्या लावून घ्या, तासाच्या घंटेचं संगीत मध्ये वाजणार नाही अशी वेळ धरा, आणि प्रत्येकाकडे लाल पेन आहे ना ते आधी बघून घ्या.