टूथब्रश की परकराची नाडी?

सायकलची फ्रेम, हँडल, मडगार्ड पुसायला कुणाला सल्ला लागत नाही. हाताशी येईल ती चिंधी चालते. घोडं अडतं ते मागच्या चाकापाशी. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकत्यांच्या जुडग्यात, दोन चकत्यांच्या मधे जेमतेम तीन मिलिमीटरची फट. चेनचं ऑइल, रस्त्याचा फुफाटा आणि आपली काळी माती यांचा तिथे जो राप बसतो, तो डांबराचा सख्खा भाऊ. हबचंही, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या नळकांड्याचंही तेच, स्पोकच्या गर्दीत बोट शिरत नाही. घरातल्या वस्तूंवरच भागवायचं म्हटलं तर फिरून फिरून दोनच गोष्टी हातात येतात: जुना टूथब्रश आणि कापडाची पट्टी. मी दोन्हींवर दिवस काढलेत. आधी चार-पाच वर्षं ब्रश, गेली तीन वर्षं पट्टी. सायकल साधीच, सात गिअरची. आठवड्यातून तीन-चारदा लातूरहून औशाच्या बाजूला आणि रविवारी शेताकडच्या कच्च्या रस्त्याला.

ब्रशला उगीच नावं ठेवणार नाही. चेनच्या कड्या, डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) दोन चिमुकली दातेरी चाकं, ब्रेकचे सांधे, स्पोक रिमला भिडतो तिथलं निपल, या जागी ब्रशच लागतो. केस अर्ध्यावर कापून टाकले की तो चांगला कडक होतो. मान मेणबत्तीवर जरा गरम करून वाकवली तर क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या पाठीमागेही पोचतो. माझ्याकडे असा एक वाकडमान्या ब्रश अजून आहे.

फटीत मात्र त्याचं डोकं आडवं येतं. डोकं बोटभर रुंद, फट तीन मिलिमीटर. कडेची केसांची एक ओळ आत शिरते, बाकीचे केस चकतीच्या दातांवर वाकून बसतात. हात पुढे सरकला की वाकलेला केस ताठ होतो आणि अंगावरचं सगळं उडवून मोकळा होतो. माझं ब्रशशी वाजलं ते या उडवण्यावरून.

मे महिना होता. गच्चीवर आईनं बाजेवर जुनी साडी पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून केलेल्या. मी जिन्याच्या सावलीत सायकल उलटी करून बसलो होतो, बाजेपासून चार-पाच हात लांब. ब्रश रॉकेलमध्ये बुडवायचा, फ्रीव्हीलवर घासायचा, अर्धा तास हेच चाललं होतं. संध्याकाळी आई कुरडया उलटायला गेली. आधी तिला वाटलं मुंग्या लागल्या. पांढऱ्या कुरडयांवर बारीक काळे ठिपके, कडेच्या दोन ओळींवर सगळीकडे. एक उचलून तिनं नाकाशी नेली आणि मला हाक मारली. "काय करलालास रे हे? ह्या आता तुझ्या सायकललाच तळून घाल."

त्यानंतर मी नीट बघायला लागलो. दर वेळी ठिपके असायचेच. चष्म्यावर, बनियनवर, भिंतीला. सगळ्यात वाईट म्हणजे नुकत्याच पुसलेल्या रिमवर. ब्रश मळ काढतो खरा, पण काढलेला मळ धरून ठेवत नाही. या चकतीवरचा त्या चकतीवर नेऊन ठेवतो. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, झाली एक बादली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते दिवस बघितलेल्या माणसाचा हात फ्रीव्हीलवर बादली ओतताना अडखळतोच. ज्यांच्याकडे बोअरला भरपूर पाणी आहे त्यांना हे कदाचित जाणवणारही नाही.

आता पट्टी. सुरुवातीला मी जुन्या धोतराची पट्टी फाडून घेतली. ती चुकली. फाडलेल्या कडेचे दशे सुटतात, दात्यांत अडकतात आणि धागा चकतीमागे गुंडाळून बसला की काढताना नाकी नऊ येतात. दुसऱ्या खेपेला आईनं टाकून दिलेल्या परकराची नाडी ओढून घेतली. चपटी, सुती, दोन्ही कडा विणलेल्या, त्यामुळे दशे नाहीत. नाडी अशीच हवी. गोल दोरीसारखी नको आणि नायलॉनची तर अजिबात नको, ती नुसती घसरते.

चाक काढून दोन पायांत धरायचं. नाडीवर दोन थेंब रॉकेल, ती फटीत घालून फ्रीव्हीलला अर्धा वळसा द्यायचा आणि दोन्ही टोकं हातात घेऊन आलटून पालटून ओढायची. यातली गंमत करून बघितल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला ओढलं की फ्रीव्हील चाकाला धरून घट्ट राहतं आणि नाडी घासली जाते. दुसऱ्या बाजूला ओढलं की ते टिकटिक करत नाडीबरोबर फिरतं आणि न पुसलेला भाग समोर येतो. म्हणजे घासायचं आणि फिरवायचं काम एकाच ओढाओढीत होतं. फट बदलली की नाडीचा कोरडा भाग घ्यायचा. शेवटच्या चकतीला पोचेपर्यंत नाडी काळीठिक्कर होते आणि फरशीवर एक थेंब पडलेला नसतो. मळ सगळा हातातल्या नाडीत.

हबला तर याहून सोपं. स्पोकच्या मधून नाडी ओवायची (ओवायला सेफ्टी पिन), हबला एक वेढा द्यायचा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी ओढायची. यात माझी अक्कल काही नाही. जुन्या काळ्या सायकलींच्या हबवर रंगीत गोंड्यांचं कडं असायचं, आठवतं? आम्हाला ती शोभा वाटायची. चाक फिरलं की ते हब पुसत राहायचं.

नाडीच्या खोडीही सांगायला हव्यात. चाक काढावं लागतं, म्हणजे पाना हवा, आणि परत बसवताना चाक वाकडं बसलं तर ब्रेक घासतो. चेनवर नाडीचा काही उपयोग नाही. आणि माती ओली असेल तर नाडी ती नुसती सारवते. आपली काळी माती पाण्यानं फुगते, सुकली की आकसून भेगाळते. म्हणून पावसाळ्यात सायकल तशीच एक रात्र उभी करावी, सकाळी निम्मं ढेकूळ आपण होऊन सुटतं. मडगार्डच्या आत चिकटलेलं काढायला ब्रशही नको आणि नाडीही नको, एक तुराटी पुरते. मऊ असते, रंगावर ओरखडा येत नाही.

रॉकेलचं थोडक्यात. रेशनचं निळं रॉकेल आमच्या गल्लीत आता कुणाकडे मिळत नाही. ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याकडून वाटीभर डिझेल आणलं तरी काम होतं, फक्त वास दोन दिवस राहतो. भांडी घासायचं लिक्विडही चालतं, जोर थोडा जास्त लावावा लागतो. पेट्रोल मात्र नको, भडका उडायला वेळ लागत नाही. आणि काहीही वापरलं तरी फ्रीव्हीलवर ओतू नका. आतल्या छऱ्यांचं ग्रीस धुऊन निघतं आणि नंतर तेच फ्रीव्हील खरखरायला लागतं. ब्रश वापरणारा माणूस ओततोच, कारण ब्रशवर काही टिकत नाही. नाडीवर टाकलेले दोन थेंब नाडीतच राहतात. टायरच्या रबरालाही हे तेल सोसत नाही, तेव्हा ठिपके जितके कमी तितकं बरं.

तुमच्या सायकलीला गिअरच नसतील तर फार विचार करू नका, हबपुरती नाडी आणि चेनपुरता ब्रश, झालं. गिअर असतील आणि एकच काहीतरी उचलायचं असेल तर मी नाडी उचलीन. ज्याला चाक काढायचा कंटाळा आहे त्यानं ब्रशवर राहावं, मी भांडणार नाही. डिस्क ब्रेक (हबवरच्या पातळ चकतीला पॅडनं धरणारा) असेल तर मात्र ब्रश हातात घेण्याआधी दोनदा विचार करा. डिस्कवर तेलाचा ठिपका पडला आणि तो पॅडला लागला की ब्रेक किंचाळतो आणि पकडही सोडतो. ब्रश वापरायचाच असेल तर डिस्कवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि गच्चीवर काय वाळत घातलंय ते घरात विचारून घ्या.