आहार, व्यायाम, इंजेक्शन की शस्त्रक्रिया? सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या बाजूने तुलना

वजन उतरवण्याच्या उपायांची तुलना बहुतेकदा एकाच आकड्यावर होते: किती किलो गेले. लठ्ठपणाचे बरेचसे नुकसान मात्र ५ ते १० मायक्रोमीटर रुंदीच्या केशवाहिन्यांत आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनिकांत होते, आणि ते काट्यावर दिसत नाही. तिथून पाहिले की चारही उपायांचे गुणदोष बरेच बदलतात.

आधी बिघाड कुठे होतो ते पाहू. जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते. त्याने स्नायूंतल्या धमनिका सैलावतात, एरवी जेमतेम वाहणाऱ्या केशवाहिन्यांतही रक्त खेळते आणि साखर स्नायूपेशींपर्यंत पोचते. पोटातली चरबी वाढली की रक्तातली मुक्त मेदाम्ले आणि दाह वाढवणारी रसायने हा संदेश वाटेतच अडवतात. इन्सुलिनचा दुसरा मार्ग, म्हणजे एंडोथेलिन तयार करून वाहिनी आवळणारा, मात्र चालूच राहतो. त्यामुळे इन्सुलिन वाढत जाते तसा तोल आवळण्याकडे झुकतो, स्नायूंना साखर कमी पोचते आणि स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. इन्सुलिन-रोध (इन्सुलिन असूनही त्याचा पुरेसा परिणाम न होणे) हा काही अंशी रक्तपुरवठ्याचाच प्रश्न आहे, तो असा.

मूत्रपिंडात चित्र वेगळे. तिथल्या गाळण्यांतला दाब वाढतो, त्या गरजेपेक्षा जास्त गाळतात आणि पुढे अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत उतरू लागते. यासाठी मधुमेह झालेलाच असावा लागतो असे नाही.

निवडण्याआधी

कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे का, हे फीत लावून पाहावे. पोटातल्या चरबीचा अंदाज त्यातून बीएमआयपेक्षा (उंचीच्या प्रमाणात वजन सांगणाऱ्या आकड्यापेक्षा) बरा येतो. जोडीला रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. शेवटची तपासणी सर्वात जास्त वगळली जाते आणि सूक्ष्म वाहिन्यांबद्दल सर्वात जास्त सांगते. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आले तर लगेच शिक्का मारू नये. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरकस व्यायाम यांनीही आकडा चढतो. ३ ते ६ महिन्यांत ३ पैकी २ नमुने जास्त आले तरच तो खरा धरतात. मधुमेह असेल तर बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही हवी. ती का, ते पुढे येईल.

आहार आणि व्यायाम

वजनाच्या शर्यतीत आहार जिंकतो, यात वाद नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा द्रवाहार ३ ते ५ महिने दिला गेला. वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता; १५ किलो किंवा जास्त घटवलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के होते. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरते, मेदाम्लांचा मारा कमी होतो आणि अडलेला संदेश पुन्हा वाहू लागतो. अडचण टिकवण्याची आहे. शिवाय प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातो, म्हणजे साखर घेणारी जागाच घटते.

व्यायामाने काटा फारसा हलत नाही, म्हणून लोक तो महिन्याभरात सोडतात. हा चुकीच्या मोजमापाचा फटका आहे. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच्या केशवाहिन्या इन्सुलिनची वाट न पाहता उघडतो आणि साखर आत घेणारी ग्लूट-४ प्रथिनेही पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. बिघडलेला रस्ता वगळून जाणारा हा दुसरा रस्ता आहे. नियमित चालणे, सायकल किंवा पोहणे यांनी स्नायूंत नव्या केशवाहिन्याही वाढतात. मात्र इन्सुलिन-संवेदनशीलतेतला फायदा १ ते ३ दिवसांत ओसरतो. म्हणून आठवड्याची १५० मिनिटे शनिवार-रविवारी उरकण्यापेक्षा सलग २ दिवसांहून जास्त खंड न पडू देणे चांगले.

दोन्ही एकत्र केल्यावर काय होते, ते अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीने २००२ मध्ये दाखवले. ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढ्याच उद्दिष्टाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारे इंजेक्शन आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर ४ आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. मूत्रपिंडाच्या बाजूनेही पुरावा चांगला आहे: मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्यांत १ मिलिग्रॅमच्या मात्रेने गंभीर मूत्रपिंड-घटना आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी झाला.

डोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा. मधुमेहींच्या एका मोठ्या चाचणीत दृष्टिपटलाच्या गुंतागुंती सेमाग्लुटाइडच्या गटात ३ टक्के, तर औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्या गटात १.८ टक्के दिसल्या. बरीच वाढलेली साखर झपाट्याने उतरली की आधीच आजारी असलेला पडदा काही काळ बिघडू शकतो. इन्सुलिनच्या बाबतीतही हे पूर्वीपासून माहीत आहे. उपाय टाळायचा नाही, पडदा आधी तपासायचा आणि मात्रा सावकाश वाढवायची. औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आले, हेही सुरू करण्याआधीच समजून घ्यावे. कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असल्यास ते देत नाहीत. गर्भधारणा ठरवायची असेल तर किमान २ महिने आधी थांबवतात.

शस्त्रक्रियेने वजन साधारण २५ ते ३० टक्के उतरते आणि इतर उपायांपेक्षा जास्त टिकते. स्वीडनमधल्या दीर्घ पाठपुराव्यात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींमध्ये सूक्ष्म वाहिन्यांच्या गुंतागुंती स्पष्टपणे कमी होत्या. बदल्यात बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची पूरके आयुष्यभर घ्यावी लागतात. सुरुवातीच्या महिन्यांत सतत उलट्या होत असतील तर थायामिन (बी१ जीवनसत्त्व) संपून मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा ‘पोट सरावेल’ म्हणून वाट पाहू नये.

मग कोणी काय घ्यावे

व्यायाम या निवडीत प्रतिस्पर्धी म्हणून धरूच नये. तो उरलेल्या तिन्ही वाटांवर सोबत हवा. कंबर वाढलेली पण साखर, लघवी, रक्तदाब सगळे ठीक असेल तर आहारापासून सुरुवात पुरेशी. मधुमेह होऊन फार वर्षे झाली नसतील तर नियंत्रित कमी-कॅलरी आहाराला आधी संधी द्यावी. अल्ब्युमिन गळू लागले असेल आणि मधुमेह असेल तर इंजेक्शनाचे पारडे जड होते. बीएमआय ३५ च्या पुढे असेल, किंवा ३० च्या पुढे आणि चयापचयाचा आजार (उदा. मधुमेह) असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला लवकर घ्यावा. आशियाई वंशाच्या लोकांसाठी हा दुसरा उंबरठा २७.५ धरतात.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या फुटलेल्या असतील तर श्वास रोखून जड वजने उचलणे उपचार होईपर्यंत बंद. आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीरातले इन्सुलिन वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर यांपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून त्यांची मात्रा ठरवून घ्यावी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही तशीच आधी ठरवून घ्यावी.