घरापासून गॅरेजपर्यंत ५५ मीटर केबल: वर्षभर वापरल्यानंतर

आमचं गाव आष्ट्याजवळ, कृष्णाकाठच्या काळ्या रानात. घराच्या मागं भावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. मधे अंगण, कडब्याची गंज आणि रानात जायचा रस्ता. गॅरेजात टीव्ही हवा ही मागणी आप्पांची, कारण ते दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसतात. आधी मोबाईलवर मॅच लावायचो. पण नेटवरचं प्रक्षेपण मागं असतं. घरातून पोरांचा "औट" असा ओरडा यायचा आणि आमच्याकडं बोलर अजून पळतच असायचा. शेवटी केबलवाल्याकडून दुसरा बॉक्स घेतला. तो म्हणाला, घरापर्यंत आमची जबाबदारी, पुढची वायर तुमची तुम्ही ओढा.

गेल्या दसऱ्याला ओढली. आता परत दसरा आलाय. या वर्षात केबल तीनदा टाकली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली वायर हवेतून, नारळाच्या झाडापासून शेडच्या अँगलपर्यंत. दुकानदारानं टीव्हीच्या वायरीतली बारीक जात, आरजी-५९, दिली होती. टीव्ही लागला, पण काही चॅनेल स्वच्छ आणि काहींचे सारखे चौकोन. आम्ही बॉक्सला शिव्या दिल्या, केबलवाल्यानं बॉक्स बदलूनही दिला, फरक शून्य. दोष वायरीतच होता. या को-ॲक्सियल केबलमध्ये (मधे तार, तिच्याभोवती फोम आणि वर जाळी) वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लवकर मरतो. केबल टीव्हीची चॅनेल साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये बसवलेली असतात. लांब आणि बारीक वायरीत खालची तग धरतात, वरची आधी जातात. त्यामुळं "अर्धीच चॅनेल येतात" असं दिसलं की बॉक्सच्या आधी वायर तपासा. जास्त तपासायची वेळ आमच्यावर आलीच नाही. डिसेंबरात उसाची भरलेली ट्रॉली खालून गेली, वाढ्याच्या मोळीत केबल अडकली आणि शेडच्या अँगलसकट वाकवून घेऊन गेली.

जानेवारीत चर खणला. दोन गडी, कुदळ, फावडं, एक दिवस. अंगणात दीड फूट आणि ट्रॅक्टर जातो तिथं अडीच फूट. लाइटची वायर त्याच चरातून घालू का, असं भाऊ विचारत होता. नको म्हटलं, आणि तेवढा एक निर्णय पहिल्या फटक्यात बरोबर ठरला. लाइटची वायर वेगळ्या चरातून, फूटभर अंतर ठेवून घातली. पाइप मात्र चुकला. वायरिंगचा कडक पीव्हीसी पाइप आणला, दहा-दहा फुटांचे तुकडे सॉल्व्हंट लावून जोडले. शिवाय काटकसर म्हणून आरजी-६ ची (आरजी-५९ पेक्षा जाड केबल) दोन उरलीसुरली भेंडोळी मधे जॉइनर घालून एकत्र केली. हा जॉइनर चरात बरोबर रस्त्याखाली आला.

काळ्या मातीचा स्वभाव इथल्या कुणालाही सांगायला नको. एप्रिलमध्ये मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जमीन आकसताना पाइपाचे दोन जोड ओढून उघडे पडले, वरून कळलंही नाही. मे महिन्यात वळीव झाला आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजातला टीव्ही मुका. केबल ओढून बाहेर काढली तेव्हा जॉइनरमधून चमचाभर पाणी सांडलं. मधल्या तारेवर हिरवट कीट चढलेला. वरची ॲल्युमिनियमची जाळी चिमटीत धरली तर तिची पांढरी पूड झाली. जाळीत पाणी शिरलं की ते वातीसारखं पुढं सरकत राहतं, म्हणून खराब टोक कापत गेलो तरी तीन-चार फूट आत तीच गत. सगळी केबल टाकून दिली.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आत तिसरी आणि (आजवर तरी) शेवटची टाकली. यावेळी एचडीपीई पाइपचं भेंडोळं घेतलं, एकसलग, मधे एकही जोड नाही. हा पाइप मातीबरोबर थोडा वाकतो, तुटत नाही. ठिबकच्या उरलेल्या १६ मिमीच्या नळीतून केबल जाईल का, हे आधी करून बघितलं होतं. केबल जवळजवळ ७ मिमी जाड असते, त्यामुळं सरळ नळीत ती जाते. पण कनेक्टर लावलेलं टोक अडकतं आणि वळणावर तर काहीच सरकत नाही. इंचाचा पाइपच घ्या. केबलबरोबर नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा. सुतळी नको, कुजते. पाइपाची दोन्ही तोंडं मी भांडी घासायच्या तारेनं गच्च भरली आणि वरून सिलिकॉन मारला, कारण आमच्याकडं घुशी आहेत आणि घुशींना काळं प्लॅस्टिक फार आवडतं.

केबल जमिनीत घालायची, जेली भरलेली आरजी-६. घेताना दुकानात खिशातला चुंबक मधल्या तारेला लावून बघितला. चिकटला. म्हणजे आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. दुकानदार जरा ओशाळला, पण केबल टीव्हीसाठी ते चालतं. एवढ्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. डिश असेल तर मात्र पूर्ण तांब्याची तार मागा. डिशच्या एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आणि पोलादी तारेत लांबवर ते व्होल्टेज पडतं.

आता टोकांबद्दल. माझा निम्मा त्रास तिथंच झाला. पहिल्या दोन्ही वेळी फिरवून बसवायचे कनेक्टर वापरले. हाताला घट्ट वाटतात, महिन्यात सैल होतात. भावाचं वेल्डिंग सुरू झालं की टीव्हीवर चौकोन यायचे. आप्पा तिकडून ओरडायचे, "अरं, इथं शेवटची ओव्हर चाललीया, तुझं जोडकाम थांबीव की!" जूनमध्ये दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर आणि त्याचं हत्यार आणलं, पाचशेच्या आसपास पडलं. वरचं आवरण सोलायचं, जाळी मागं दुमडायची, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या कडेला टेकला की दाबायचं. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर साधारण ३ मिमी दिसली पाहिजे. जाळीचा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला तर सगळं शॉर्ट. माझे पहिले तीन कनेक्टर असेच वाया गेले. चौथ्यापासून हात बसला. आता भाऊ वेल्डिंग करतो आणि आप्पा मॅच बघतात, दोघं एकाच वेळी.

केबलवाल्याच्या मीटरवर सिग्नलची ताकद घरात ६८ डीबी (डेसिबल) होती, गॅरेजात ५३ आली. सिग्नल दोन वाटांनी फोडणारा दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, बाकीचे ५५ मीटर केबलनं खाल्ले. १५ डीबी म्हणजे ताकद जवळपास बत्तिसावा भाग उरली, तरी बॉक्सला पुरते. नाही पुरली तर ॲम्प्लिफायर घराच्या बाजूला बसवा. गॅरेजात बसवला तर सिग्नलबरोबर वाटेत गोळा झालेली घाणही मोठी होते.

एका गोष्टीत मी अजून शंभर टक्के निर्धास्त नाही. गॅरेजचं मीटर वेगळं, थ्री फेजचं, त्याची अर्थिंग वेगळी. जूनमध्ये कनेक्टर बॉक्सला लावताना दुसरा हात शेडच्या पाइपाला होता आणि बोटांना मुंग्या आल्या. मल्टिमीटर लावला तर केबलची जाळी आणि पाइप यांच्यात ३८ व्होल्ट. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्या दोन अर्थिंगना जोडणारी एकुलती एक तार म्हणजे आपल्या केबलची जाळी, आणि तो फरक तिथं उतरतो. वायरमन बोलावला. त्यानं घराच्या बाजूला ग्राउंड ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडायचा धातूचा तुकडा) लावून घराच्या अर्थिंगला जोडला आणि गॅरेजच्या बाजूला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, जाळीतला करंट अडवतो) टाकला. मुंग्या गेल्या. हे काम स्वतः करू नका, निदान वायरमनला उभा तरी करा. आणि विजेचं म्हणाल तर यातलं काहीच जवळ पडणाऱ्या विजेला अडवत नाही. ढग आले की केबलची आणि लाइटची, दोन्ही पिना काढायच्या हा आप्पांचा नियम आहे, आणि यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी तो एकदाही मोडला नाही. विहीर काठोकाठ भरेल एवढा पाऊस झाला, चर दोनदा पाण्याखाली गेला, टीव्ही एकदाही बंद पडला नाही.

परत करायचं झालं तर त्याच पाइपातून फायबर ओढेन. काचेतून करंट येत नाही, म्हणजे अर्थिंगचं भांडणच नाही. भावाला आता गॅरेजात कॅमेरे बसवायचे आहेत, त्यामुळं आत सोडलेली नायलॉनची दोरी लवकरच कामाला येईल.

उरलेली ४५ मीटर केबल खुंटीला टांगलीय. शेजाऱ्याला त्याच्या गोठ्यासाठी हवी होती, ती देऊन टाकणार आहे. कनेक्टर दाबायचं हत्यार मात्र कुणाला देत नाही. गेल्या महिन्यात एकजण घेऊन गेला, त्यानं त्यात लाइटची केबल दाबून बघितली.