जामतारा, फर्जी की स्कॅम 2003: आधी कोणती पाहावी?

पैशाच्या गुन्ह्यावरची मालिका निवडताना बहुतेक जण नट कोण आहेत ते पाहतात. त्याऐवजी एक प्रश्न विचारावा: लुटलं कोण जातं, आणि ते त्याला कधी कळतं? या तिन्ही हिंदी मालिकांत हाती फारसं काही नसलेली माणसं गुन्ह्यात शिरतात. मात्र प्रत्येकीचा वेग वेगळा आहे आणि तो या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

‘जामतारा’त (नेटफ्लिक्स, 2020, दिग्दर्शक सौमेंद्र पाधी) लुटल्या गेलेल्या माणसाला ते लगेच कळतं, पैसे कापल्याचा संदेशच येतो. झारखंडमधल्या त्या गावातली पोरं बँकेतून बोलत असल्याचं भासवतात, ‘कार्ड बंद होणार’ म्हणून घाबरवतात आणि सोळा आकडी नंबर, मागचे तीन आकडे आणि शेवटी ओटीपी काढून घेतात. इथून पुढे खरी धावपळ. पैसा लगेच मोबाइल वॉलेटमध्ये, तिथून दुसऱ्याच कुणाच्या नावावरच्या खात्यात आणि मग एटीएममधून रोख. मधे थोडा वेळ गेला तरी खातं गोठतं. त्यामुळे भागही छोटे, साधारण अर्ध्या तासाचे, आणि दम लागेल असे.

सनी (स्पर्श श्रीवास्तव) आणि रॉकी (अंशुमान पुष्कर) या भावांपेक्षा गुडिया (मोनिका पंवार) जास्त लक्षात राहते. ती इंग्रजीची शिकवणी घेते आणि या धंद्यात नीट बोलता येणं हेच भांडवल असतं. धंदा डोळ्यांत भरू लागला की स्थानिक पुढारी ब्रजेश भान (अमित सियाल) वाटा मागायला येतो. 2022 चं दुसरं पर्व निवडणुकीकडे वळतं आणि फोनवरच्या फसवणुकीतली गंमत पातळ होते. पहिल्या पर्वाचे दहा भाग पाहून थांबलात तरी चालेल.

‘स्कॅम 2003’ (सोनी लिव्ह, दिग्दर्शक तुषार हिरानंदानी) नेमकी उलट्या टोकाची. बनावट मुद्रांक विकत घेणाऱ्याला आपण फसलोय हे वर्षानुवर्षं कळत नाही. करार होतो, कागद फायलीत जातो, फाईल कपाटात. वाद कोर्टात गेला तरच कुणी तो कागद उजेडात धरून पाहणार. तोटा होतो तो सरकारच्या महसुलाचा, आणि सरकारची तिजोरी काही पोलीस चौकीत रडत येत नाही. या मुद्रांक घोटाळ्याचा सूत्रधार अब्दुल करीम तेलगी, त्याचं गणित इथेच होतं. त्याची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलाल. त्यांना मुद्रांक गठ्ठ्याने लागतात आणि बाजारात टंचाई असली की गठ्ठा देणाऱ्याला कुणी उलटे प्रश्न विचारत नाही.

कर्नाटकातल्या खानापूरचा हा माणूस रेल्वेत फळं विकण्यापासून सुरुवात करतो, आखाती देशांत मजूर पाठवण्यासाठी खोटी कागदपत्रं बनवतो आणि मग मुद्रांकांकडे वळतो. 1994 मध्ये मिळालेला विक्रीचा परवाना ही कळीची गोष्ट, कारण परवान्याच्या आडून खऱ्यात खोटं मिसळता येतं. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली यंत्रं भंगार म्हणून बाहेर पडतात. नियमानुसार ती आधी निकामी करायला हवीत, पण ती चालू हालतीतच तेलगीच्या हाती येतात. मालिकेतला सगळ्यात बघण्यासारखा भाग हाच. चोरी नाही, दरोडा नाही. टेबलामागून टेबल सरकत जातं. घोटाळा तीस हजार कोटींचा होता, हा आकडा मात्र जपून घ्या. रकमेवर तेव्हाही एकमत नव्हतं.

गगनदेव रियार यांनी तेलगी चेहऱ्यापेक्षा बोलण्यातून उभा केलाय. भरत जाधव आणि शशांक केतकर ही ओळखीची मंडळीही भेटतील. दहा भाग दोन हप्त्यांत आले होते, पहिले पाच सप्टेंबर 2023 मध्ये आणि उरलेले नोव्हेंबरात. दुसऱ्या हप्त्यात तपास आणि कोर्ट येतं, तिथे गती मंदावते.

‘फर्जी’ (प्राइम व्हिडिओ, 2023, दिग्दर्शक राज आणि डीके) या दोघींच्या मधली. खोटी नोट ज्याच्या हातात असताना पकडली जाते तो बुडतो. त्याच्या आधीचे सगळे सुटतात. त्यामुळे ताण नोटेच्या गुणवत्तेवर. सनी (शाहिद कपूर) हा नकला करणारा चित्रकार, आजोबांचा (अमोल पालेकर) छापखाना कर्जात बुडतोय, जोडीला जिवलग दोस्त फिरोज (भुवन अरोरा).

गांधीजींचं चित्र त्याला जमणं पटतं. पण नोटेत खरा अडथळा कागदाचा असतो: जलचिन्ह आणि सुरक्षा धागा कागद तयार होतानाच आत बसतात, वरून छापता येत नाहीत. बोटाला जाणवणारा उठावही साध्या ऑफसेट छपाईत येत नाही. मालिका हे डोंगर जरा झटपट ओलांडते. तरी जुळणीची दृश्यं मजेशीर आहेत आणि विजय सेतुपतीचा तपास अधिकारी मायकल प्रत्येक वेळी भाव खाऊन जातो. आठ भाग आहेत, शेवट मात्र अर्ध्यावर सोडलेला.

पोलिसांच्या बाजूने पाहायचं तर कायदा लक्षात ठेवा. या कथांच्या काळात बनावट नोटा (भारतीय दंड संहिता, कलम 489-अ) आणि बनावट सरकारी मुद्रांक (कलम 255) या दोन्हींना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. फोनवर तोतयेगिरी करून फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ड खाली येतं, कमाल तीन वर्षं. त्यात या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, तक्रारदार दुसऱ्या राज्यात, सिमकार्ड तिसऱ्याच्या नावावर. ‘जामतारा’तल्या पोलीस अधीक्षक डॉली साहू सतत हात बांधल्यासारख्या का वाटतात ते यावरून कळेल.

घरात मोठ्यांसोबत बसून पाहायचं असेल तर ‘जामतारा’ आणि ‘फर्जी’ दोन्ही बाजूला ठेवा. शिव्यांचा पाऊस आहे. एका रविवारी संपवायचं असेल तर ‘जामतारा’चं पहिलं पर्व. बँकेत, नोंदणी कार्यालयात किंवा हिशेबाच्या कामात असाल तर ‘स्कॅम 2003’चे पहिले पाच भाग आधी. आणि दिवसभराच्या कामानंतर नुसतं मन रमवायचं असेल तर ‘फर्जी’, कागदाची शंका तेवढी बाजूला ठेवून.